दसऱ्याची अंघोळ आणि पलीकडची डिव्हिजन

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. मशिनं नवऱ्याकडे, ऑफिस माझ्याकडे. एका वर्षी नवं बेंडिंग मशीन बसवायला जर्मनीहून एक इंजिनियर आला आणि नेमके तेव्हाच माझे वडील व्हिजिट व्हिसावर साताऱ्याहून आमच्या दुबईतल्या अल कुसैसच्या फ्लॅटवर आलेले. आबा जुने फौजी, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढलेले. वर्कशॉपमध्ये जर्मन माणूस आलाय म्हटल्यावर त्यांना घरात चैन पडेना. मला उद्या ऑफिसला घेऊन चल, एवढंच त्यांनी लावून धरलं.

त्यांना एक गोष्ट विचारायची होती, आणि ती गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ होती. इटलीतल्या एका नदीच्या या काठाला आबांची पलटण, त्या काठाला जर्मनांची एक पायदळ डिव्हिजन. अशात दसरा आला. शस्त्रपूजा तर करायचीच, पण पारोशानं रायफलीला हळदकुंकू लावायचं कसं? म्हणून हे चार-पाच शहाणे साहेबाला न सांगता तांबडं फुटताना नदीत उतरले. नुसती अंघोळ नाही, उगवत्या सूर्याला अर्घ्यसुद्धा दिलं. समोर मशीनगन रोखलेली, तरी एकही गोळी आली नाही. का आली नाही? आई म्हणायची देवाची कृपा. आबांना तेवढं पुरत नसे. मरायच्या आधी हे कळायला हवं, असं ते अगदी सरळ म्हणत.

दुसऱ्या दिवशी आबांना ऑफिसात नेऊन बसवलं. चहाला इंजिनियर तिथे आला. मी आपलं सहज, जरा चेष्टेनंच विचारलं, तुमच्या घरचं कोणी इटलीत लढलंय का? त्यानं हात पुसले आणि म्हणाला, हो, माझे वडील. डिव्हिजनचा आकडाही सांगितला. मी तो मराठीत सांगायच्या आतच आबा खुर्चीतून उठले. पकडलेल्या कैद्यांकडून ऐकलेला तो आकडा ते विसरले नव्हते.

मग काय विचारता! त्या डिव्हिजनमधल्या म्हाताऱ्यांनी मिळून तिचा इतिहास छापला होता आणि या गड्यानं तो लहानपणापासून वाचलेला. शेतकऱ्यांची पोरं भरून उभी केलेली डिव्हिजन, आधी फ्रान्स, मग रशिया. तिथे ती जवळजवळ संपलीच. मग मिसरूड न फुटलेली पोरं भरून ती इटलीला पाठवली. आबांनी माझ्या टेबलावर वेल्डिंग रॉडची नदी केली, नटबोल्टच्या चौक्या मांडल्या. इंजिनियर एक नट सरकवायचा, आबा तो परत जागेवर आणायचे. मी दोघांच्या मध्ये इंग्रजी-मराठी करता करता घामाघूम. बाहेरून नवरा ओरडत होता, "यल्ला, मशीन कब चालू होगा?" त्याला विचारतो कोण!

शेवटी आबांनी दसऱ्याचं विचारलं. इंजिनियर घुटमळला. मग म्हणाला, पुस्तकात त्या सकाळबद्दल दोन ओळी आहेत. काही हिंदी सैनिक हात वर करून शरण यायला नदीत उतरले म्हणून गोळीबार थांबवला, पण ते मागे फिरले.

मला हे मराठीत सांगायचीच भीती वाटली. सांगितलं, आणि आबांचा चेहरा लालबुंद झाला.

"शरण? दसऱ्याला? सांग त्याला, पुस्तक खोटं आहे."

इंजिनियर बिचारा पार ओशाळला. म्हणाला, त्या मशीनगनवर माझे वडीलच होते, अजून हयात आहेत, त्यांनाच विचारू. आणि त्यानं माझ्याच टेबलावरून जर्मनीला फोन लावला.

पलीकडचा म्हातारा जर्मनमध्ये बोले, मुलगा मला इंग्रजीत सांगे, मी आबांना मराठीत. म्हातारा म्हणाला, ते शरण येत नव्हते हे मला दिसत होतं. शरण येणारा माणूस कानामागे साबण घासत नाही. पण सार्जंट गोळ्या झाड म्हणाला, तेव्हा शरण येतायत असं मीच त्याला सांगितलं. मी एकोणीस वर्षांचा होतो. कित्येक आठवडे अंगाला पाणी लागलं नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटला.

आबा खाली बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. मला म्हणाले, "विचार त्याला, मग त्यानं केली का अंघोळ?"

उत्तर आलं, हो, दुसऱ्या दिवशी पहाटे, एकट्यानं. तुमच्या काठावरून गोळी आली नाही. का, ते मला कधी कळलं नाही.

आबांनी इंजिनियरच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि सरळ मराठीत सांगितलं, "पहाऱ्यावर मी होतो."

मी ते इंग्रजीत सांगायचं विसरून त्यांच्याकडे बघतच राहिले. ही अर्धी गोष्ट त्यांनी आईलासुद्धा कधी सांगितली नव्हती.