पाहुणे आलेत, लवकर या!

किस्से हे ढेकणांसारखे असतात. एक दिसला की समजायचं, गादीखाली अख्खं खानदान आहे! आमच्या ऑफिसात चहाला कोणी आलं आणि सहज म्हणालं, "काय ताई, काय चाललंय?" की मी एक सांगते, मग मुनिरा दुसरा काढते, तिसरा नरेशच्या तोंडून बाहेर पडतो आणि चहा गार होतो.

पनवेलला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं पेस्ट कंट्रोलचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे काय, दोन टेबलं, एक पंखा आणि औषधाचा वास. फोनवर मुनिरा असते. ही पक्की पनवेलकर, आवाज इतका गोड की लोक झुरळांची तक्रार करायला फोन करतात आणि स्वतःच्या गुडघेदुखीपर्यंत पोचतात.

पंप पाठीवर घेऊन घरोघर फिरतो तो नरेश. उरणकडच्या गावातला आगरी मुलगा, दिसायला छान, कामाला वाघ. गटारात हात घालेल, उंदीर शेपटीला धरून उचलेल. दुखणी फक्त दोन. एक म्हणजे लग्न जमत नाही. मुलीकडचे विचारतात, "काय करतो?" आणि त्याची आई पेस्ट कंट्रोल म्हणेपर्यंत चहाचे कप आत गेलेले असतात. आणि दुसरं, तळहाताएवढा कोळी दिसला की ह्या वाघाची शेळी होते! हे दुसरं दुखणं फक्त आम्हा दोघींना माहीत. धंद्याची अब्रू आहे हो, बाहेर कसं सांगणार?

०००

रोडपालीच्या एका मॅडमचा फोन आला. आवाज एकदम हळू, बँकेच्या लॉकरमध्ये उभ्या राहून बोलतायत असं वाटावं. "घरात ढेकूण झालेत. पण शेजाऱ्यांना कळता कामा नये. वॉचमनने विचारलं तर सांगा, वायफायवाले आहोत!"

नरेश गेला. पंप पोत्यात गुंडाळला आणि ऐटीत सांगितलं, "वायफायवाला." झालं! लिफ्टमध्ये एका काकांनी धरलं, "आमचं नेट चार दिवस बंद आहे, आधी आमच्याकडे चला." तिथून वरच्या मजल्यावर, तिथून समोरच्या विंगमध्ये. नरेश बिचारा प्रत्येक घरात जाऊन प्लग काढायचा आणि परत लावायचा. देवाची करणी, सगळीकडे नेट चालू!

एक काकू तर इतक्या खूश झाल्या की त्यांनी चहा केला, खारी दिली आणि हळूच विचारलं, "लग्न झालंय का रे तुझं? माझी भाची आहे." नरेश लाजला. खारी बुडवायला वाकला आणि पोत्यातून पंपाची नळी बाहेर आली.

"हे काय?"

"औषध मारायचा पंप."

काकूंनी भाचीचा विषय तिथेच सोडला. पण जाताना म्हणाल्या, "आमच्या बेसिनखाली मारून जा."

आजही त्या सोसायटीत नरेशचा नंबर 'वायफाय नरेश' म्हणून सेव्ह आहे. आणि झुरळ औषधाला सापडत नाही!

०००

त्या दिवसापासून मुनिराने फतवाच काढला. "ताई, फोनवर कुणाचं नाव घ्यायचं नाही. कस्टमरला लाज वाटते आणि मला खाज सुटते! गावाकडे लोक सापाला साप म्हणतात का? जनावर म्हणतात. तसं आपण पाहुणे म्हणायचं."

लोकांना हे इतकं आवडलं की विचारू नका. आता लोक बसमधूनसुद्धा बिनधास्त फोन करतात, "अहो, पाहुणे आलेत, लवकर या!" मुनिरा विचारते, "छोटे की मोठे?" छोटे म्हणजे झुरळं, मोठे म्हणजे उंदीर. मग ती विचारते, "बसतात कुठे?" एकदा माझी नणंद ऑफिसात बसली होती. मुनिराचं फोनवर चाललं होतं, "घाबरू नका हो, रात्री पाहुणे झोपले की आम्ही काय ते बघतो." नणंद चहा न घेताच उठली. मी सांगायला गेले तर म्हणाली, "तुझ्याकडे मुक्कामाला येणार होते, आता बघते!"

०००

पण नाव घेतल्याने काय होतं, ते उलव्यात कळलं.

तिथे नवीन टॉवरमध्ये एक कुटुंब राहायला आलेलं, लांब विदर्भातून. पहिल्या मजल्यावर घर. बाल्कनीत मोठा कोळी निघाला. बाई घाबरून खुर्चीवर चढल्या आणि नवऱ्याला ओरडल्या, "अहो, कोळी आला, कोळी! झाडू आणा! मारा त्याला!"

खाली गेटवर आमचे मासेवाले कोळी दादा स्कूटरवर टोपली घेऊन नुकतेच पोचले होते. त्यांनी वर बघितलं. नवरा झाडू उगारून बाल्कनीत आला.

दादा खालून ओरडले, "वहिनी, मारता कशाला? बोंबील ताजे हायत! नको तर नको म्हना!"

आता त्या बाई त्यांच्याकडूनच मासे घेतात. शरमेने भाव करत नाहीत.

०००

नरेशची कोळ्याची भीती झाकायला त्याने स्वतःच एक युक्ती काढली. कोणाच्या घरी मोठा कोळी दिसला की हा दारातूनच गंभीर चेहरा करून सांगायचा, "याला मारायचं नसतं. हा डास खातो. ठेवून घ्या, नशीबवान हाय तुमी."

कळंबोलीच्या एका रिटायर्ड गृहस्थांना हे फारच पटलं. त्यांनी बाथरूममधल्या कोळ्याला राहू दिलं. येईल त्याला कौतुकाने दाखवायचे. आंघोळीला जाताना "येऊ का रे?" म्हणून विचारायचे. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला.

"तुमच्या त्या नरेशला द्या फोन!"

"काय झालं काका?"

"आमचा कोळी बाळंत झालाय! छत भरून पिल्लं आहेत. मी लेंग्यावर बाहेर उभा आहे. त्याला म्हणावं, आता बारशाला तूच ये!"

नरेश त्या दिवशी 'आजारी' पडला. शेवटी मीच पदर खोचून गेले.

०००

मुनिराचंही सांगते, नाहीतर ती म्हणेल माझं राहिलं. कुणी फोनवर घाबरलं की ती समजूत इतकी छान काढते! एका बाईंना सांगत होती, "पाल काही करत नाही हो. तीच आपल्याला घाबरते. लंबी सांस घ्या. तिच्याकडे प्रेमाने बघा."

तेवढ्यात आमच्या ट्यूबलाइटवरून एक पाल तिच्या टेबलावर पडली, थेट रिसीव्हरशेजारी. "या अल्ला!" म्हणून मुनिरा जी किंचाळली, ती खुर्चीसकट मागे. रिसीव्हर लोंबकळत राहिला आणि त्यातून त्या बाईंचा आवाज आला, "हॅलो? मॅडम? तुमच्याकडे कोणाला पाठवू का?"

०००

पालीवरून आठवलं. तक्का भागातल्या एका घरी सुनेला पाल नको होती आणि सासूबाई हात लावू देत नव्हत्या. का? तर पाल चुकचुकली की बोललेलं खरं ठरतं, असं सासूबाईंचं म्हणणं. त्या रोज देवघराशी बसून म्हणायच्या, "आमची सून आळशी आहे." आणि वरून पाल, चुक चुक! सासूबाई टिचकी वाजवायच्या, "बघ!"

सुनेने वैतागून आम्हाला बोलावलं. मी आणि नरेश दारात पोचलो तर सूनबाई हसत बाहेर आल्या. म्हणाल्या, "ताई, राहू दे तिला. काल मी म्हणाले, सासूबाईंच्या जिभेला हाड नाही. आणि ती चुकचुकली!"

०००

आता नरेशचं. मधे एका घरी मुलगी बघायला गेला, तर मुलीच्या आईने नकार दिला आणि वर विचारलं, "मुंग्यांना कुठलं जेल लावता हो?" तो तसाच ऑफिसात आला. मला फार वाईट वाटलं. मुनिराने डबा पुढे केला तरी जेवला नाही. म्हणाला, "ताई, मी कुनाचं घर साफ करतो, चोरी तर नाय करत. मग मलाच का झटकतात?" त्याने आईला सांगून टाकलं, "यापुढं मला मुलीचं नाव नको, गाव नको. माझं काम चालत असेल तर मुलीकडच्यांनाच दिवस ठरवू दे, मग मला सांग." कामावर असताना मोबाइल पिशवीत राहतो, म्हणून आईने मुलीकडच्यांना नंबर दिला आमच्या ऑफिसचा.

आणि मी नेमकी बँकेत गेले असताना उलव्यातून एका गृहस्थांचा फोन आला. बोलणं मुनिराने मला नंतर शब्दन् शब्द सांगितलं.

"रविवारी सकाळी आमच्याकडं पाव्हने. त्याचंच बोलायचं होतं."

"बोला ना! छोटे की मोठे?"

"मोठेच. छोट्यांचं काय काम?"

"बसतात कुठे? किचनमध्ये?"

"किचनात कशाला बसवू? हॉलमध्ये, सोफ्यावर!"

"सोफ्यावर? मग सोफा भिंतीपासून ओढून ठेवा. भांडी झाकून ठेवा. खायचं काहीही बाहेर ठेवायचं नाही."

"पोहे बी नाय?"

"पोहे तर अजिबात नाही! त्यांना काय द्यायचं ते आमचा माणूस घेऊन येईल."

"बरं... घरात आमची म्हातारी हाय."

"त्यांना तेवढा वेळ शेजारी बसवा. आणि काळजी सोडा. एकदा आमचा नरेश येऊन गेला ना, की पाहुणे परत तुमच्या दारात दिसणार नाहीत. गॅरंटी!"

त्या गृहस्थांनी फोन ठेवला. मग बायकोला म्हणाले, "मुलाकडची पद्धत येगली दिसते." आणि सोफा ओढायला लागले.

रविवारी नरेश युनिफॉर्ममध्ये, तोंडाला मास्क, पाठीवर पंप घेऊन दारात उभा. वडिलांनी त्याच्या मागे जिन्यात डोकावून बघितलं. "एकलाच? बाकीचे?"

"बाकीचे कशाला? एवढ्याला मी पुरतो."

आत सगळं सामसूम. पोहे नाहीत, म्हातारी नाही, भांड्यांवर चादर. मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन आली. तिचं नाव प्रणाली, उरणला कंटेनर यार्डात कामाला. नरेश म्हणाला, "पानी झाकून ठेवा, ताई."

"अगो बाई!" मुलीच्या आईने कपाळाला हात लावला. "ताई म्हनला!"

नरेश पंपाला हवा भरायला लागला. "पाव्हने कुठं हायत?"

प्रणाली म्हणाली, "तुम्हीच ना?"

पंप थांबला. नरेशने मास्क खाली ओढला, वडिलांकडे बघितलं, झाकलेल्या भांड्यांकडे बघितलं. वडील म्हणाले, "तू नरेशच ना? तुझ्या आईनंच ऑफिसचा नंबर दिला." तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

आणि त्याच वेळी ओढलेल्या सोफ्यामागून भिंतीवर चढला एक कोळी. चांगला तळहाताएवढा!

वडिलांचा चेहरा खुलला. "बरा आलास! मार त्याला!"

सगळे बघतायत. हातात पंप आहे. डास खातो, नशीबवान हाय तुमी, हे सगळं ओठांवर आलं होतं, असं नरेश सांगतो. पण समोर ती मुलगी उभी होती आणि त्याला खोटं बोलवेना. तो दारापर्यंत मागे सरकला आणि म्हणाला, "मामा, खरं सांगू? मला कोल्याची लय भीती वाटते."

आई म्हणाली, "आनि हा पेस्ट कंट्रोलवाला!"

प्रणाली पुढे झाली. तिने चादरीखालून एक पातेलं काढलं, कोळ्यावर उपडं घातलं, खालून कॅलेंडरचा पुठ्ठा सरकवला आणि बाल्कनीतून त्याला झाडावर सोडून आली. हात धुतले. मग नरेशच्या समोर येऊन उभी राहिली.

"उंदराला घाबरता?"

"नाय. उंदीर मी हातानं धरतो."

"मला उंदीर दिसला तरी चक्कर येते," प्रणाली म्हणाली. "मग असं करू. कोळी माझे, उंदीर तुमचे."

नरेशने पंप खाली ठेवला. "आनि झुरळं?"

"ती निम्मी निम्मी!"