डाव्या हाताचं सारवण

वेगळं निघालो तेव्हा आमच्या वाट्याले कापसाची खोली आली. कापूस बंडीत भरून दिग्रसच्या बाजारात जाईपर्यंत ज्या खोलीत ढीग लावत, ती. खिडकी नाही, चूल नाही, जमीन उंदरांनी पोखरलेली. वाटणीच्या दिवशी माह्या थोरल्या भावानं मान खाली घातली होती. बोलत होती ती वहिनी. पितळेची भांडी तिकडं राहिली, खाट तिकडं राहिली. माह्या बायकोच्या हातात एक तवा अन् दोन मडकी देऊन वहिनी म्हणाली की खोली लहान आहे, जास्त सामान मावणार नाही. हे छप्पन-सत्तावन सालचं. मी चौथी शिकलेला माणूस, पुष्कळ गोष्टी विसरलो. हे विसरलो नाही.

बायको रडली नाही. पदर खोचला अन् बिळांमध्ये काचा अन् मुरूम ठोकाले बसली. कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांचा आडोशाचा कूड बांधून त्याले शेणमाती लिंपली, कुडामागं चूल मांडली. नाल्यावरून पांढरी माती डोक्यावर आणून भिंती पोतारल्या. पैसा लागला नाही, लागला असता तर होता कुठं? मी खिळे ठोकाले घेतले तर तिनं हातोडी काढून घेतली. म्हणे, खिळा दिसला की माणसाले काहीतरी टांगाची बुद्धी होते. कपड्यांसाठी एक बांबू आडवा बांधला. पांघरुणाची घडी कोपऱ्यात. एका कोनाड्यात दिवा, दुसरा रिकामा. त्यात काय ठेवतं, मी विचारलं.

"काहीच नाही. डोळ्यालेही बसाले जागा पाहिजे."

वहिनीच्या घरात डोळ्याले बसाले जागा नोहती. पितळेची उतरंड, देवांच्या तसबिरी, आडत्यांनी वाटलेली कॅलेंडरं, त्यातली गेल्या सालांचीही भिंतीवरच. ती आमच्या दारात उभी राहून आत पाहे अन् हसे. "काय वं, चोर येऊन गेला का?"

बायको डावखुरी होती. एकत्र होतो तोवर वहिनीनं तिले पंगतीत वाढू दिलं नाही, सणावाराले कुंकवाच्या करंड्याले हात लावू दिला नाही. उष्टी काढाले, शेण काढाले मात्र तोच हात चाले. त्या हाताचं सारवण मी दुसऱ्या कोणाच्या घरी पाहिलं नाही. सारवताना जमिनीवर बोटांच्या चंद्रकोरी उमटतात, एकीले लागून एक. साऱ्या गावात त्या एका बाजूले वळत, आमच्या घरात दुसऱ्या. पाहणाऱ्याले एकदम कळत नसे, पण वाटे की इथं काहीतरी निराळं आहे.

काही वर्षांनी पुतणी लग्नाची झाली. राळेगावकडचं स्थळ आलं. मुलाची माय टापटिपीची आहे असं कानावर आलं अन् वहिनीले आपल्या घराची लाज वाटली. भाऊ आला. पाव्हणे तुमच्या खोलीत बसवू का, विचाराले लागला. मी नाही म्हणणार तेवढ्यात बायकोनं हो म्हटलं. त्या दिवशी वहिनी दोन पितळी घागरी घेऊन आली, रिकाम्या कोनाड्यात ठेवाले. बायको दारात आडवी झाली. रिकामं घर पाहिजे असन तर रिकामंच घ्या, म्हणाली. वहिनीनं घागरी परत नेल्या, पण बायकोले कुडामागं बसवलं. शुभ कामात डावा हात समोर नको, म्हणे.

पाव्हणे बसले. मुलाची माय पाटावर बसली नाही, खालीच बसली अन् जमिनीवरून तळवा फिरवला. तिनं भिंती पाहिल्या, बांबू पाहिला, तो कोनाडा पाहिला. घर कोणाच्या हातचं, विचारलं.

"सारं माह्या पोरीच्या हातचं," वहिनी म्हणाली. "मी काडी उचलत नाही."

मी भिंतीले टेकून बसलो होतो. वाटणीत भांडी घेतली, खाट घेतली. आता बायकोचा हातही घेतला.

मुलाच्या मायनं शेणकाला मागवला अन् पोरीले म्हणाली, बाई, इथं एक हात फिरवून दाखव. पोरीनं फिरवला. चार चंद्रकोरी उमटल्या, बाकी साऱ्यांच्या उलट. भावानं माह्याकडं पाहिलं, हात जोडायचेच बाकी होते.

"डावखुरं कोन हाय या घरात?" मुलाच्या मायनं विचारलं.

"माही बायको," मी म्हणालो. "कुडामागं बसवली आहे." अन् तिले हाक मारली.

ती बाहेर आली, मान खाली, चुलीच्या धुरानं डोळे लाल. मुलाच्या मायनं तिचा डावा हात धरून जवळ बसवली. मग वहिनीकडं वळली.

"इहीनबाई, पोरगी पसंत हाय. ते काही खोटं बोलली नाही, बोलल्या तुमी. पन तुमाले थोडंच मले घरी न्याचं हाय? लग्नापर्यंत पोरीले या काकीच्या हाताखाली राहू द्या. मंग मी नेईन."

त्या रात्री बायको माह्यावर चिडली. पोरीचं मोडलं असतं तर, म्हणे. मोडलं असतं तर मोडलं असतं, मी म्हणालो. पण जेवताना तिनं माह्या ठेच्यावर न मागता तेल टाकलं.

सकाळी वहिनी पोरीले घेऊन आली. दारातूनच म्हणाली, ही घे. बायको सारवत होती, उठू लागली. मी तिले बसवलं.

"असं नाही, वहिनी. शिकव म्हना."

वहिनी उंबऱ्याबाहेर उभी. रस्त्यानं बाया पाण्याले चालल्या होत्या, त्याही थांबल्या. वहिनीनं पदर डोक्यावर ओढला.

"शिकव," वहिनी म्हणाली.

बायकोनं त्यानंतर तो विषय काढला नाही. जावेले दुखलंखुपलं तर धावत जाई. तिनं माफ केलं असन. ते तिचं.

मग म्हातारपणी बायको गेली. तेरवीले वहिनी आली, काठी टेकत. बायांमध्ये बसून सांगू लागली की बिचारी आली तेव्हा काहीच येत नोहतं, सारवण-पोतारण सारं मीच शिकवलं. बाया माना हालवत होत्या. मी उठलो.

"वहिनी, तुमचीही तेरवी होईल. मी येईन. याच बायांत बसून खरं सांगीन."

लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, दुःखात माणूस काहीही बोलते. दुःख आहेच. घरात पाय ठेववत नाही. पहिले वाटे, तिच्यामागं लवकर जावं. आता तसं वाटत नाही. वहिनीनं खाट धरली आहे असं ऐकतो. मी सकाळी नाल्यापर्यंत चालून येतो, गोळी वेळेवर घेतो, भूक नसली तरी भाकरी खातो. मले वहिनीपेक्षा तेरा दिवस जास्त जगाचं आहे.