राखीव वॉर्ड आणि शनीचा चंद्र

नगरपरिषदेची निवडणूक लागली आणि आर्णीतला आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला, हे मला घरात कुणी सांगितलं नाही. सासरे बैठकीत मोठ्या आवाजात बातम्या लावून बसले होते. त्याच बैठकीच्या कोपऱ्यात, दिवाणावर लॅपटॉप घेऊन, मी माझ्या कादंबरीतली, शनीच्या एका चंद्रावरची माणसांची वसाहत लिहीत होते. दुसरीकडे जागाच नाही. आतल्या एका खोलीत मुलगी अभ्यास करते आणि दुसरीत नवऱ्याच्या कृषी केंद्राचा माल रचलेला असतो. फवारणीच्या औषधांच्या वासात माझ्याकडून एक ओळ होत नाही.

तेवढ्यात पुसदच्या नणंदेनं मोबाईलवर एक फोटो पाठवला आणि वर लिहिलं, ‘अभिनंदन वहिनी.’ पाहते तर माझंच बॅनर. खाली ‘भावी नगरसेविका’. चेहरा पुतणीच्या लग्नातल्या फोटोतून उचललेला. त्या फोटोत माझ्या हातात अक्षतांचं ताट होतं, इथं मात्र मी हात जोडून उभी होते. हात दुसऱ्याच कुणाचे तरी लावले होते. त्या हातांतल्या बांगड्याही माझ्या नव्हत्या.

संध्याकाळी नवरा पक्षाच्या तालुकाध्यक्षांना घेऊन घरी आला. मी मोबाईल त्याच्यासमोर धरला.

“हे काय व्हय?”

“अवं, सांगनारच होतो तुले,” नवरा म्हणाला. “सकाळपासून धावून राह्यलो नुसता.”

“वहिनी, तुमाले काहीच टेन्शन नाही,” तालुकाध्यक्ष खुर्ची ओढून बसले. “फक्त अर्ज भरा लागते. बाकी सारं हे भाऊ पाहून घेतात.”

मी चहा टाकायला आत गेले. राग इतका आला होता की साखर टाकली की नाही तेही आठवेना. पण गॅससमोर उभं राहिल्यावर वेगळंच काही मनात यायला लागलं. कादंबरीतल्या वसाहतीत बर्फ वितळवून पाणी कसं करायचं, ते कुणाला किती द्यायचं, यावर मी कित्येक महिने डोकं खपवलं होतं. इथं आमच्या गल्लीत नळ कधी येईल याचा भरवसा नाही. दूरच्या चंद्रावरचा पाण्याचा प्रश्न मी सोडवते, तर या गल्लीतला का नाही? मला मोह झाला, हे खरं आहे.

चहा घेऊन बाहेर गेले आणि म्हणाले, “मी उभी राह्यते. पन नगरपरिषदेच्या सभेत मीच जाईन आन मीच बोलीन. पहिले पान्याचा विषय घेईन.”

तालुकाध्यक्षांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं कपाकडे.

“सभेत कायले जाता वहिनी? तिथं लई गोंधळ असते. बायका नुसत्या बसून राह्यतात.”

“मी नाही बसनार नुसती.”

ते हसले. “पाहू ना, पाहू,” म्हणाले आणि चहा संपवून गेले.

पुढचे काही दिवस मी कादंबरी बाजूला ठेवली. मुलीला सांगून नगरपरिषदेचे नियम मोबाईलवर काढून घेतले आणि वाचत बसले. पाण्याची टाकी कधी बांधली, कोणत्या गल्लीत जुनी पाइपलाइन आहे, हे शेजारणींना विचारत फिरले. सासूबाई कुरकुरल्या, पण स्वयंपाकाचं त्यांनी सांभाळून घेतलं. मुलगी म्हणाली, “आई, तू पहिल्यांदाच जमिनीवर आली.” मला ते लागलं, आणि आवडलंही.

मग एका सकाळी चौकातलं बॅनर बदललं. तिथं आमच्या मागच्या गल्लीतल्या एका सुनेचा चेहरा आला. हात आणि बांगड्या त्याच राहिल्या.

“माझं नाव कोनं काढलं?” मी नवऱ्याला विचारलं.

“तूच कायले एवढं बोलली त्यांच्यासमोर? चहा देऊन आत गेली असती तं...”

“तं काय?”

“तं उद्या नगरसेविका झाली असती.”

त्याला खरंच वाईट वाटत होतं, याचाच मला जास्त राग आला.

त्याच आठवड्यात पुण्याहून माझ्या प्रकाशकांचा फोन आला. कादंबरी कुठवर आली, असं विचारून ते म्हणाले, “मॅडम, अवकाशाचं लिहिणारे इथं बरेच आहेत. तुम्ही तुमच्याकडचं लिहा ना, कापसाचं, मातीचं.” मी म्हटलं, “आमच्याकडंही रात्री आकाश दिसतं.” ते हसले. मला हसू आलं नाही.

पुन्हा दिवाणावर बसले. वसाहतीच्या सभेचं प्रकरण लिहायचं होतं. एक स्त्री उठते, पाण्याच्या वाटपावर बोलते आणि सभा तिचं ऐकते. शून्याखालच्या भयंकर थंडीत झाडं जगवणं मी वाचकाला पटवून दिलं होतं. ही सभा मात्र मलाच पटेना. ती बोलायला लागली की कुणीतरी मध्ये हसायचं. हसू काढून टाकलं की सगळं शाळेच्या भाषणासारखं व्हायचं. शेवटी ते प्रकरणच काढून टाकलं.

मागच्या गल्लीतली सून निवडून आली. मिरवणुकीत गुलाल तिच्या नवऱ्याच्या अंगावर होता. काही महिन्यांनी, नळाला पाणी येणं फारच लांबायला लागलं तेव्हा, मी दोन शेजारणींना घेऊन तिच्या घरी गेले. ती ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती.

“सभेत पान्याचं बोलली का तू?” मी विचारलं.

“मी कुठं गेलती काकू? ते म्हनाले, सहीचे कागद घरीच आनतो,” ती म्हणाली. मग आत पाहत हळूच विचारलं, “तुमी म्हने जातो म्हनल्या होत्या. खरंच गेल्या असत्या?”

मी हो म्हणाले. तिनं शेंगांचं सूप खाली ठेवलं आणि काही विचारणार, एवढ्यात तिचा नवरा बाहेर आला. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या. पाण्याचं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, कुणाला तरी फोन लावल्यासारखं केलं. निघताना मला म्हणाला, “वहिनी, तुमी पुस्तकं लिहिता ना? आमच्या वॉर्डावर लिहा काही चांगलं.”

घरी आले तेव्हा बैठकीत नवऱ्याच्या पक्षाची माणसं बसली होती. पुढच्या कुठल्या तरी निवडणुकीचं चाललं होतं. माझा लॅपटॉप कुणीतरी उचलून टीव्हीशेजारी ठेवला होता. सासूबाईंनी आतून विचारलं, “किती कप ठेवू वं?”