ताईचा मेल मी कुठल्या यादीत टाकला

ताईचा मेल मी वाचला होता. आला त्याच दिवशी, ऑफिसच्या बसमध्ये बसून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पुढे मामांना, आईला आणि बायकोलाही मी सांगितलं, की मेलच्या गर्दीत तो राहून गेला. सगळ्यांनी विश्वास ठेवला, कारण माझ्या कामाचा व्याप सगळ्यांना दिसत होता. पण तो राहून गेला नव्हता. मी तो वाचला, त्याचं एक काम बनवलं, ते काम एका यादीत टाकलं आणि मेल नजरेआड केला. हे मी आजवर कागदावर लिहिलं नव्हतं.

आमचं संचालनालय जुन्या शहरातून नव्या राजधानीत गेलं, तेव्हाच्या या गोष्टी. जुन्या शहरातच, तेलीबांध्याला, माझ्या फ्लॅटच्या जवळून, ऑफिसची बस सुटायची. मग रुंद, मोकळे रस्ते, मधे लावलेली कोवळी झाडं आणि लांबलांब उभ्या इमारती. जुन्या ऑफिसात माणूस टेबलाजवळ येऊन काम सांगायचा. इथे माणसं कमी झाली आणि मेल वाढले. वरून खाली, खालून वर, जिल्ह्यांतून, प्रत्येक विषयावर मेल. एकदा विधानसभेतल्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून वेळेत गेलं नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही.

त्यानंतर विभागाने एक प्रशिक्षण ठेवलं. बाहेरून आलेल्या एका तरुण माणसाने आम्हाला शिकवलं, की मेल म्हणजे काम नव्हे, मेलमधून काम काढायचं असतं. मेल उघडला की स्वतःला विचारायचं, यात मी नेमकं काय करायचं आहे? त्याचं एक छोटं वाक्य करायचं, शेवटी क्रियापद पाहिजे. ते वाक्य यादीत टाकायचं आणि मेल संग्रहात ढकलायचा. याद्या तीन: आज करायचं, इतरांकडे प्रलंबित, कधीतरी. संध्याकाळी इनबॉक्स रिकामा दिसला पाहिजे आणि दर शनिवारी सगळ्या याद्यांवरून नजर फिरवायची.

माझ्यासाठी ती सुटका होती. काही महिन्यांत साहेब माझं उदाहरण द्यायला लागले. मी इतका हरखलो की घरीही तेच सुरू केलं. तोंडी सांगितलेलं विसरतो, मेल करा, म्हणजे राहणार नाही, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. बायकोने एकदा समोरच्या खोलीतून 'दूध संपले आहे' असा मेल पाठवला आणि आत जाऊन हसत बसली. ताई एका खासगी शाळेत शिकवायची. तिने शाळेच्या कॉम्प्युटरवर स्वतःचा मेलचा पत्ता उघडून घेतला. मी ब्राह्मणपाऱ्यात, तिच्या आणि आईच्या घरी गेलो की म्हणायची, "भाऊ, तुले भेटायचं तर आता अर्ज देऊन यावं लागते. बहिणीसाठी एखादी राखीव जागा तरी ठेव."

ताई माझ्यापेक्षा मोठी. वडील रेल्वेत होते. त्यांचं आजारपण लांबलं, त्या वर्षांत ताईची स्थळं एकेक करून परत गेली. मग माझं शिक्षण, माझी नोकरी, माझं लग्न. मी तेलीबांध्याला राहायला गेलो आणि ती आईला घेऊन ब्राह्मणपाऱ्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहिली. तिने कधी तक्रार केली नाही आणि मी कधी विचारलं नाही. आईला एकटीला सोडता येत नव्हतं. गुडघे गेलेले, एका डोळ्याने अंधूक दिसायचं. ताई शाळेत गेली की शेजारच्या दीदी आत डोकावून जायच्या.

मेल ताईनेच पाठवला होता. इंग्रजी अक्षरांत मराठी, पण शाळेत निबंध तपासणारीचं ते मराठी होतं, एकही वाक्य अर्धवट नव्हतं. आमचे एक दूरचे मामा भनपुरीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होते. त्यांनी एक स्थळ आणलं होतं. दुर्गकडचे गृहस्थ, पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला, पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. मामांच्या घरी चहाला म्हणून दोनदा भेट झाली होती. ते कमी बोलतात, पण ऐकतात, असं तिने लिहिलं होतं. या वयात हे लिहिताना हसू येतं, असंही लिहिलं होतं.

मग खरी गोष्ट. त्यांच्याकडच्या मोठ्यांना मुलीच्या भावाचा होकार हवा होता. भावाने येऊन बोलावं, ही त्यांची रीत आणि आपलीही. दुसरं म्हणजे आई. मुलीच्या सासरी जाऊन राहायला आई मेली तरी तयार झाली नसती, त्या पिढीत ते बसतच नव्हतं. म्हणजे आईला माझ्याकडे यावं लागणार होतं. शेवटी ताईने लिहिलं होतं, "तू हो म्हणालास तरच मी पुढे बोलणार आहे. नाही म्हणालास तरी चालेल. पण सांग."

बस तेव्हा एका चौकातून वळत होती. मी मोबाइल मांडीवर उलटा ठेवला आणि बाहेर पाहत राहिलो. माझ्या मनात आधी ताईचा चेहरा यायला हवा होता. माझ्या मनात आधी आमचा फ्लॅट आला. दोन खोल्या आणि हॉल, मुलीची दहावी, आईचं रात्री उठणं, संडासापर्यंत हात धरून नेणं. बायको काय म्हणेल, हेही आलं. ते मी तिला कधी विचारलं नाही. तिच्या वतीने नकार मी स्वतःच देऊन टाकला.

मग मी सवयीने मोबाइल पुन्हा सरळ केला आणि मेलचं काम बनवलं. 'ताईच्या स्थळाबाबत निर्णय घेणे' असं लिहिलं असतं तर ते 'आज करायचं' या यादीत गेलं असतं. मी लिहिलं, 'ताईकडून सविस्तर माहिती आल्यावर बोलणे.' आणि ते 'इतरांकडे प्रलंबित' या यादीत टाकलं.

सरकारी ऑफिसात काम केलेल्या माणसाला मी काय केलं ते लगेच कळेल. निर्णय घ्यायचा नसला की फाइलवर एखादी शंका काढायची आणि ती समोरच्या टेबलावर परत पाठवायची. मग फाइल आपल्याकडे नसते. विचारणा झाली तर सांगता येतं, माहिती मागवली आहे. मी तर माहितीही मागवली नव्हती. ताईला एक अक्षर लिहिलं नाही. ती माझी वाट पाहत होती आणि माझ्या मोबाइलमध्ये लिहिलेलं होतं, की मी तिची वाट पाहतो आहे. आणि खरं सांगायचं तर, त्या संध्याकाळी रिकामा इनबॉक्स पाहून मला बरं वाटलं.

दर शनिवारी ती ओळ समोर यायची. मी ती वाचायचो आणि पुढच्या शनिवारवर ढकलायचो. बोट लावून सरकवलं की झालं, इतकं सोपं होतं ते. रविवारी मी ब्राह्मणपाऱ्यात जायचो. ताई पोहे करायची. आईसमोर तिला या विषयावर बोलता येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं, आणि म्हणून मी आईजवळून उठत नव्हतो. मी नव्या राजधानीचे किस्से सांगायचो, तिथल्या तळ्यांचे, सुन्या रस्त्यांवर बसलेल्या गाईंचे. ताई ऐकायची. एका रविवारी ती मला खाली सोडायला आली. मी स्कूटर सुरू केली तेव्हा तिने विचारलं.

"भाऊ, माहा मेल भेटला का तुले?"

"हव, भेटला ना. नोंदवून ठेवला आहे मी."

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "घाई नाही. ते लोक थांबून राहिले आहेत, एवढंच."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. मी हेल्मेट घातलं आणि निघालो. त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही.

मामांचा फोन ऑफिसात आला. दुर्गच्या लोकांनी दुसरीकडे ठरवलं होतं. मामा चिडले नव्हते, त्यांचा आवाज थकलेला होता. "आमी तुह्या होकाराचीच वाट पाहत होतो. भाऊ येत नाही म्हणजे घरच्यांच्या मनात नाही, असं समजले ते. काहून आला नाहीस?" तेव्हाच मी पहिल्यांदा ते वाक्य बोललो, की मेल राहून गेला. मामा म्हणाले, होते असं, आजकाल फार मेल येतात म्हणतात. फोन ठेवल्यावर मी यादी उघडली. ते काम आता कोणाकडेच प्रलंबित नव्हतं. मी त्यावर पूर्ण झाल्याची खूण केली, कारण ती केल्याशिवाय ओळ जात नव्हती.

ताईने मला एक शब्द विचारला नाही. उलट आईने कुठूनतरी ऐकून माझ्यावर तोंड सोडलं तेव्हा ताईच मधे पडली. त्याच्या ऑफिसात किती काम असते तुले माहीत नाही, म्हणाली. आईला आपण अडचण होतो हे समजलं होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही. काही वर्षांनी एका उन्हाळ्यात आई गेली. शेवटच्या दिवसांत तिचं सगळं ताईनेच केलं. मी बसने ऑफिसला जायचो आणि संध्याकाळी येऊन उशाशी बसायचो.

तेराव्यानंतर मी ताईला म्हणालो, आता एकटी कशाला राहतेस, आमच्याकडे ये. मला वाटलं होतं ती रडेल. ती भांडी पुसत होती. हातातलं पातेलं फळीवर ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं.

"आता काहून?"

एवढंच. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. ती पुढचं भांडं पुसायला लागली.

त्या आठवड्यात मी बायकोला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. ऐकताना तिचे हात थांबले. मला वाटत होतं ती माझ्या बाजूने काही बोलेल, निदान जागेची अडचण तरी मान्य करेल. तिने बोटांना चिकटलेली कणीक काढली. मग म्हणाली, "मले एकदा विचारलं तरी असतं तुमी. हॉलमध्ये आईंची खाट लागली असती. पोट्टी माह्याजवळ झोपली असती." आणि नंतर, कणकेकडे पाहतच, "मी नाहीच म्हणेन, हे तुमी धरून चाललात."

इतकी वर्षं मी मनातल्या मनात थोडा दोष तिच्या वाट्याला देत आलो होतो. तो त्या दुपारी परत माझ्याकडे आला.

तरी लगेच गेलो नाही. लाज वाटते लिहायला, पण मी मोबाइल उघडून 'ताईची माफी मागणे' असं एक काम बनवलं. क्रियापद शेवटी, नियमाप्रमाणे. तेही एका शनिवारवरून दुसऱ्या शनिवारवर सरकत राहिलं. एका शनिवारी बोट सरकवताना मला कळलं की हात तेच करतो आहे. मी ते काम पुसून टाकलं, यादी बंद केली आणि चपला घालून निघालो. मुलीने मागून विचारलं, "पापा, कहाँ जा रहे हो?" ब्राह्मणपाऱ्यात, म्हणालो.

ताई पलंगावर वह्या तपासत होती. मला अवेळी पाहून ती घाबरली, घरी सगळं ठीक आहे ना, म्हणाली. ठीक आहे म्हटल्यावर ती चहा ठेवायला उठली. मी तिला बस म्हणालो. तिला बहुतेक अंदाज आला, कारण ती म्हणाली, जे झालं ते झालं, जुनं काढू नको. मी म्हणालो, काढू दे. मी आईच्या रिकाम्या खाटेवर बसणार होतो, पण बसवलं नाही. मी तिच्यासमोर जमिनीवरच बसलो. वाटेत मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं, ऑफिस, दडपण, मुलीची परीक्षा. त्यातलं काही बोललो नाही.

"ताई, तुहा मेल मी वाचला होता. आला त्याच दिवशी. आईले घरी न्यावं लागेल म्हणून मी गप्प बसलो, आन मग सगळ्यांशी खोटं बोललो. तू नाही म्हटलं तरी चालेल असं लिहिलं होतं, मी तेवढंही केलं नाही. तुहं घर झालं असतं, ते माह्यामुळे झालं नाही. मले माफ कर."