रायांश नावाचा अर्थ

माझ्या भाच्याचं बारसं पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या आमच्या वाडीत झालं. भाऊ मुंबईत नोकरीला. त्याने फोनवर शोधून ‘रेयांश’ हे नाव ठरवलं होतं, कारण आमच्याकडे ते कुणाचंच नव्हतं. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगून ते सगळ्यांना ऐकवायचं काम माझं. मी पाळण्यावर वाकले आणि बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. त्या गडबडीत माझ्या तोंडून मोठ्याने ‘रायांश’ निघालं.

वहिनीचा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात शेजारची काकी म्हणाली, “काय गोड नाव हाय गो! रायगडाचा अंश, नाय का?” बायकांनी माना डोलावल्या. भाऊ जवळ येऊन हळूच म्हणाला, “ताई, राहू दे आता. हेच बरं वाटतंय.” जन्मदाखल्यावरही तेच लागलं.

वर्षभरात वाडीत आणखी दोन रायांश झाले. मग बिरवाडीच्या कारखान्यात माझ्याबरोबर पॅकिंगला असलेल्या दासगावच्या मुलीने त्याचा अर्थ विचारला. तिच्या भावाला मुलगा झाला होता. तिच्याशी खोटं बोलवेना.

“अर्थ कसला? माझी जीभ घसरली होती,” मी सांगितलं.

ती पोट धरून हसली. आठवड्याने पेढे घेऊन आली.

“तेच ठेवलं,” ती म्हणाली. “आईला रायगडाचं सांगितलंय. तुम्ही काय बोलू नका.”