अ‍ॅशबीचे लोक कुठून आले

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते नंदुरबारच्या कॉलेजातल्या आमच्या इंग्रजीच्या सरांचे. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. चारचौघांत उभं राहून बोलायलाही त्यांनीच शिकवलं.

एम.ए.ला असताना त्यांनी अ‍ॅशबी या इंग्रजी खेड्याचं नाव फोडून दाखवलं. 'अ‍ॅश' हे एक झाड, 'बी' म्हणजे वस्ती. हा 'बी' डेन्मार्ककडचा शब्द, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्यांनी ते गाव वसवलं. "आता तुझ्या गावाचं नाव शोध," सर म्हणाले. प्रकल्पाला हाच विषय.

मोलगीला जीप सोडून आमच्या पाड्यावर चालत गेलो. शेजारच्या आजोबांनी नाव आपल्या पूर्वजांनी लावलेल्या झाडावरून पडलं म्हणून सांगितलं, त्यांच्या भावाने पूर्वजांनी इथं मांडलेल्या देवीवरून. काकी म्हणाली, "एक राजा इथं पाणी प्यायला आला, आमच्याच माणसाने पाजलं. लिही, लिही!" आणि तोंडाला पदर लावून हसली. मी आनंदाने सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मी दिसलो की ओट्यावरचं बोलणं थांबू लागलं.

"कोणी पाठवलं तुला?" वडिलांनी आमच्या बोलीत विचारलं.

"सरांनी."

"फॉरेस्ट खात्यात आहेत?"

"नाही बा, कॉलेजात."

"मग त्यांना आपल्या नावाचं काय काम?"

मी अ‍ॅशबीची गोष्ट सांगितली. वडील दगडावर विळा घासत होते, ते थांबले.

"म्हणजे नुसत्या नावावरून कळलं, की ती माणसं बाहेरची?"

"हो."

"आपला जंगलजमिनीचा दावा अजून पडून आहे. साहेब एकच विचारतो, कधीपासून कसता? तू लिहून दे, आपणही बाहेरचेच म्हणून. मग तुझ्या कॉलेजात नांगर घेऊन येतो आम्ही!"

तेव्हा लक्षात आलं, तिन्ही गोष्टींत आम्ही आधीपासून इथंच होतो. खरं काय ते मी विचारलं नाही. जेवताना मात्र मी वडिलांकडे आणि ते माझ्याकडे चोरून बघत होते.

परतल्यावर सर रजेवर होते. त्यांच्या घरी पत्र पाठवलं:

"आदरणीय सर,
गावाच्या नावाचा उगम मला सापडला नाही. मिळालेली उत्तरं मी प्रकल्पाला जोडत नाही. कृपया दुसरा विषय द्यावा, गुण कमी पडले तरी चालतील. एक शंका आहे. अ‍ॅशबीबद्दल लिहिण्याआधी तिथल्या शेतकऱ्यांना कुणी विचारलं होतं का?
आपला विद्यार्थी"