पडवीतलं कॅलेंडर

वंदना सिस्टरांचं नाव आधी घेते, मग चूक सांगते. चूक माझी होती. सिस्टर नसत्या तर एका बाईचा संसार मोडला असता, आणि मी तोंड लपवून माहेरची, हिंगोलीची बस धरली असती.

सिस्टर सापगावच्या, आरोग्याच्या फिरत्या गाडीवर नर्स. मी सातवीत शाळा सोडलेली. लग्न होऊन एवढ्या लांब शहापूरला आले, तेव्हा त्यांनीच मला हेल्पर म्हणून गाडीवर घेतलं. बायांना गोळा करायचं, रजिस्टर लिहायचं, सिस्टरांनी शिकवलेलं सोपं करून सांगायचं. बोलायला उभी राहिले की माझे तळहात ओले व्हायचे. अजून होतात.

त्या दिवशी गाडी धसईच्या पुढे, डोंगराकडच्या एका गावात मोहाखाली उभी होती. चैताचं ऊन. टपावर फुलं पडत होती, एक पडलं की बराच वेळ काही नाही, मग दुसरं. गोड वासानं डोळे जड झालेले. समोरचा डोंगर उन्हात विरघळत चालल्यासारखा दिसत होता. बाया पदराआडून हळू आवाजात विचारत होत्या, जणू झोपेत बोलताहेत.

“एका ताटात जेवलं तर एचआयव्ही लागतं काय?”

“नाय. मच्छर चावूनपन नाय,” सिस्टर म्हणाल्या.

“दोन निरोध एकावर एक घातले तर डबल सेफ ना?”

“नाय गो, घासून दोन्ही फाटतील. एकच, पण दर टायमाला.”

“आन मानूस बरा दिसत असंल तर?”

“दिसन्यावर काय हाय? तपासनीशिवाय कळत नाय. चूक झाल्यावर लगेच टेस्ट केली तर ती खरं सांगंल असं नाय. तीन महिन्यांनी परत करायची, तवर निरोध.”

एक म्हातारी हसली. “आमच्या टायमाला असं काय नव्हतं.”

“होतं मावशी. विचारायला गाडी नव्हती.”

सगळ्या उठल्यावर सुरेखा तेवढी बसून राहिली. लग्नाला चार वर्षं, मूल नाही. नवरा दिनेश वापीला कंपनीत, महिन्यातून चार-पाच दिवस घरी. सासूनं सांगून टाकलं होतं, “दिवाळीपर्यंत बघते. मग दिनेशला दुसरी.” दोघांच्या तपासण्या झाल्या होत्या, एचआयव्हीचीसुद्धा. कशातच दोष निघाला नव्हता.

आमच्या रजिस्टरात एलएमपी नावाचा रकाना असतो. शेवटच्या पाळीत रक्त पहिल्यांदा दिसलं ती तारीख. दिवस तिथून मोजतात. पाळी नेमानं येत असेल तर साधारण दहाव्यापासून पंधराव्यापर्यंत दिवस राहायचा संभव जास्त असतो. जानेवारीत सुरेखाला कॅलेंडर आणि लाल पेन मीच दिलं होतं. पाळी आली की खूण कर, खुणेपासून बाराव्या ते सोळाव्या दिवसात दिनेशला बोलाव, हेही मीच सांगितलं होतं. तो बिचारा तीन महिने सुपरवायझरच्या हातापाया पडून नेमकी तेवढीच सुट्टी काढत होता.

सिस्टरांनी रजिस्टरात मी लिहिलेली सुरेखाची एलएमपी बघितली. मग सुरेखाकडे बघितलं.

“या तारखेला रक्त दिसलं?”

“नाय. त्या दिशी डोक्यावरून पानी घेतलं.”

“मग दिसलं कवा?”

“त्याच्या आधी चार दिस.”

“मग तवाच खूण का नाय केली गो?”

सुरेखानं आम्हाला वेड्यात काढल्यासारखं बघितलं. “कॅलेंडर आत, देवांच्या बाजूला. वर लक्षुमीचं चित्र. मी तवा पडवीत, भायेर बसलेली. हात कसा लावनार?”

मोहाचं एक फूल माझ्या रजिस्टरवर पडलं. मला माझ्या आईचं घर दिसलं, तिथली ओसरी, कोपऱ्यातलं वेगळं अंथरूण. मी स्वतः तशीच बसलेली होते. मला हे कळायला नको होतं?

“तुझा बारावा म्हंजे तिचा सोळावा,” सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या. “एसटी गेल्यावर त्याला स्टँडवर उभा करत होतीस.”

मला रडू आलं. “सिस्टर, मला काढून टाका.”

“आन नवीन बाईला पयल्यापासून शिकवू? चल, सासूकडं.”

सासू सूप घेऊन दारात बसली होती. सिस्टरांनी सरळ सांगितलं, “मावशी, मोजायला आमी चुकलो. तुमच्या सुनेची काय चूक नाय.”

‘आमी’ म्हणाल्या. माझ्याकडे बोटसुद्धा केलं नाही.

“आता काय मग?” सासूचं सूप थांबलं.

“आता नीट मोजू. लगेच राहीलच असं नाय. सगळं बरं असून वर्षपन लागतं. दिवाळीबिवाळी डोक्यातून काढा.”

मग सिस्टरांनी गाडीतून औषधाच्या कंपनीचं कॅलेंडर आणून पडवीच्या खांबाला टांगलं. सासूनं लगेच विचारलं, “भायेरची बाई हात लावनार त्याला?”

“लावू द्या. यावर देव नाय, खोकल्याची बाटली हाय.”

सासूला हसू आवरलं नाही.

श्रावणात सुरेखा छत्री मिटत धसईच्या स्टँडवर भेटली. कानाशी येऊन म्हणाली, “ताई, या महिन्यात पेन लागलाच नाय.” गाडीत तपासलं. पट्टीवर दोन रेषा हळूहळू वर आल्या, धुक्यातून माणसं यावीत तशा. सिस्टर फक्त म्हणाल्या, “एलएमपी लिही. नीट विचारून.”

तारीख विचारताना कॅलेंडर कुठं टांगलंय तेही विचारावं, एवढं मी शिकले. रजिस्टरात त्याला रकाना नाही, म्हणून मी समासात पेन्सिलीनं लिहिते.

सिस्टरांनी मला दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म तीनदा आणून दिला. तिन्ही वेळा मी भिऊन ट्रंकेत ठेवला. यंदा भरते. पहिल्या फटक्यात जमेल का माहीत नाही, पण एक दिवस ती मार्कशीट सापगावला नेऊन घरच्यांच्याही आधी सिस्टरांच्या हातात ठेवीन.